पुन्हा एकदा ‘निरंक’

मार्च उजाडला की कुलसचिव कार्यालयातून ठरलेला फोन. "मॅडम, समान संधी कक्षाचा अहवाल? निरंक टाकून द्या ना!"

निरंक म्हणजे एकही तक्रार नाही. अहो, कसं टाकू? जातीवरून वगैरे होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारींसाठीच तर हा कक्ष. यूजीसीचे समतेचे विनियम 2012 चे. भेदभावविरोधी अधिकारी नेमा, 60 दिवसांत तक्रारीचा निकाल लावा, सगळं छापलेलं आहे. आमच्याकडे अधिकारी म्हणजे मी, आणि कक्ष म्हणजे एनएसएसच्या बॅनरांमागचं एक कपाट. किल्ली शिपाईमामांकडे. म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या पोरानं आधी त्यांनाच सांगायचं, कशाला आलास ते!

परवा एक मुलगी आली. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी "सीईटीला किती गं?" विचारलं. नुसतं एवढंच, पण मार्कांवरून जात ओळखायची. तिनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला कुणी हाक मारेना. अर्ज निम्मा लिहिला, मग घडी करून पर्समध्ये. "राहू द्या मॅडम, गाईड त्या मुलींच्याच ओळखीचे आहेत."

झालं, निरंक!

वर स्टाफरूममध्ये चहा ढवळत, "आपल्याकडे असलं काही नसतंच हो." 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीनं आत्महत्या केली, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, तेव्हा हळहळणारे हेच. आणि 14 एप्रिलला हार घालताना फोटोत पुढे कोण? हेच!