रिपोर्टातला ‘ॲटिट्यूड’ म्हणजे बाळाचा स्वभाव नव्हे

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ॲटिट्यूड’ लिहिलेला असतो आणि त्यावरून बाळ हट्टी निघणार की शांत हे पोटातच कळतं, असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही.

प्रसूतिशास्त्रात ॲटिट्यूड म्हणजे बाळाच्या अवयवांची एकमेकांशी असलेली ठेवण. बहुतेक बाळं हनुवटी छातीला टेकवून, मांड्या पोटाशी घेऊन मुटकुळं करून असतात. तीच ‘फ्लेक्स्ड’ ठेवण. डॉक्टर ती बघतात ते मापासाठी. हनुवटी नीट टेकलेली असली, की डोक्याचा सुमारे ९.५ सेंटीमीटरचा व्यास प्रसूतिमार्गातून जातो. मान मागे जाऊन कपाळ पुढे आलं, तर तो १३ सेंटीमीटरच्या वर जातो आणि बाळंतपण अडू शकतं. यात हट्ट कुठून आला?

घोळ शब्दाचाच आहे. मुळात तो चित्र-शिल्पातल्या आकृतीच्या ढबीसाठी वापरत. मनाचा अर्थ मागाहून चिकटला. मानसशास्त्रात त्याला अभिवृत्ती म्हणतात: एखाद्या माणसाबद्दल, गोष्टीबद्दल असलेला अनुकूल-प्रतिकूल कल. तोही स्वभाव नव्हे, आणि त्यावरून वागणूक ओळखणंही सोपं नाही. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. मग पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘चिनी गिऱ्हाईक घेणार नाही’ असं कळवलं. हा अभ्यास १९३४ साली छापून आला.

‘तिला फार ॲटिट्यूड आहे’ यातला ॲटिट्यूड मात्र निव्वळ तोरा. तो कुठल्याच रिपोर्टात येत नाही.