दट्ट्या आणि ग्रेसचे मार्क

"शेठ, गाडी ओढत नाही."

ड्रायव्हरचा फोन पहाटे चारला आला, कसारा घाटातून. शेठ म्हणजे मी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीच्या पैशांत एक जुना दहाचाकी ट्रक घेतला. सल्ला मेव्हण्याचा. त्याने स्वतः मात्र एफडी केली.

डिझेल इंजिन मला तोंडपाठ. शोषण, संपीडन, ज्वलन, निष्कासन. स्पार्क प्लग का नसतो, हे मी हजारभर पोरांना विचारलं असेल. त्यामुळे गाडी रडतखडत नाशिकला पोचली, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

पहिल्या मेस्त्रीने नुसता आवाज ऐकून निदान केलं, "डिझेलचा पंप गेला." तो पंपाचंच काम करतो. पंप उतरवला, डिझेल फवारणारे नोझल तपासून जुळवायला गेले, अठरा हजार झाले, गाडी ओढेना. दुसरा म्हणाला, "टर्बो ऑइल फेकतोय." टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. त्याचं दुकान टर्बोचं. शेजारच्या वायरिंगवाल्याचा संशय वायरिंगवर होता. शेवटी आडगावच्या पुढे एका गॅरेजमध्ये गाडी लावली, तर ग्रीसने माखलेला मेस्त्री वाकून पाया पडला.

"सर, ओळखलं का? ब तुकडी. शेवटचा बाक."

ओळखलं. नववीत याला ग्रेस देऊन वर ढकलला होता.

"बसा सर," म्हणत त्याने बाकावर पेपर अंथरला आणि गाडी चालू करायला लावली. "धूर कसला दिसतोय?"

"काळपट," मी म्हणालो.

"निळा आहे सर. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय." मग त्याने ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. ते वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं थडथड नाचायला लागलं. "दाब खाली पळतोय. पिस्टनच्या रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे वरून खोलून रिंगा-लायनर बदलायचे."

तिसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललेलं होतं. त्याने माझं बोट धरून लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळीच्या, आतून फिरवलं. वरच्या कडेशी नख अडकलं. खालची भिंत झिजली होती, वरचा काठ तेवढा शाबूत. हवा सतरापट दाबायची आणि तिच्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं, हे मीच शिकवलेलं. पण ती हवा पिस्टनच्या, म्हणजे माझ्या पुस्तकातल्या दट्ट्याच्या, कडेने निसटू शकते, हे कधी सुचलं नाही. माझा दट्ट्या खडूचा होता, तीस वर्षांत झिजला नाही.

मग त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर यादी लिहून मला स्पेअर पार्टच्या दुकानात पिटाळलं. काउंटरवरच्याने विचारलं, "बेअरिंग स्टँडर्ड का दहा?"

"दहा कशाला? लागतील तेवढीच द्या."

दुकानातलं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. दहा म्हणजे क्रँक, इंजिनाचा फिरणारा दांडा, घासल्यावर लागणारं जाड बेअरिंग, हे मला दुकानातल्या चहावाल्या पोराने समजावलं. त्यानंतर "ओरिजिनल की लोकल?" या प्रश्नाला मी नुसती मान हलवली. मान कुठल्या दिशेने हलली होती, ते बिलावर कळलं.

आठव्या दिवशी गाडी चालू झाली. झाकण उलटं ठेवून पाहिलं, जागचं हललं नाही. ड्रायव्हरने नारळ फोडला. मेस्त्रीने वहीचं पान फाडून हिशेब पुढे केला. 'ह्याड ग्यासकीट', 'लायनल सेट', 'मजूरि'. शुद्धलेखनाच्या चुका अकरा. बेरीज बिनचूक: 94,600.

"पक्कं बिल पाहिजे असेल तर वर जीएसटी 18 टक्के. आधी पार्टवर 28 होता, नशीबवान आहात सर."

मी खिशातला लाल पेन चाचपत होतो. त्याने कागद परत घेतला, शेवटचा आकडा खोडला आणि 94,100 लिहिलं.

"पाचशे सोडले, सर. ग्रेसचे."