‘३ ते ५ वर्षं’ कधीपासून मोजायची?
एका लेखात एएलएसबद्दल (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) रुग्ण ‘निदानानंतर ३ ते ५ वर्षं’ जगतो असं सरसकट लिहिलंय. ही मोजणी सहसा पहिल्या लक्षणापासून धरतात, आणि निदान होईपर्यंतच बहुतेकदा वर्षभर गेलेलं असतं. सुमारे १० टक्के रुग्ण १० वर्षांपुढे जातात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग (निदान १९६३, मृत्यू २०१८) हे मात्र अगदीच टोकाचं उदाहरण.

हातापायांपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवा. उताणं झोपलं की धाप, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड साचत असण्याची शक्यता. तेव्हा घरच्या घरी नुसता ऑक्सिजन लावला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साचू शकतो. बहुधा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) लागतो. अन्न देण्यासाठीची पोटातली नळीही एफव्हीसी (फुंकून मोजतात ती फुप्फुसांची क्षमता) ५० टक्क्यांखाली जायच्या आत बसवावी, नंतर धोका वाढतो.