झी-ट्रिप ‘जनक’ कसा?

अमेरिकन डीजे (रेकॉर्ड्स मिसळून वाजवणारा) झी-ट्रिपला तुमच्या लेखात थेट ‘शैलींच्या मिश्रणाचा जनक’ करून टाकलंय, ते काही पटलं नाही. डीजे पीसोबतचा त्याचा २००१चा ‘अनईझी लिसनिंग’ हा मिक्स अल्बम मीही पारायणं केल्यासारखा ऐकलाय. पण त्याच्या २० वर्षं आधी, १९८१ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने शीक, क्वीन आणि ब्लाँडी या तीन बँडचं अनुक्रमे डिस्को, रॉक आणि न्यू वेव्ह संगीत एकाच रेकॉर्डवर गुंफलं होतं. तेही तीन टर्नटेबलवर (तबकडी फिरवणारे प्लेअर), हाताने. कॉम्प्युटर वगैरे भानगडच नव्हती!

फ्लॅश तबकडीवर मेणखडूने खूण करायचा, म्हणजे हवा तो ठोका परत गाठायला तबकडी किती मागे फिरवायची ते डोळ्यांना दिसायचं. हे वाचून मी काकांच्या जुन्या प्लेअरवर हात साफ करायला गेलो. खूण बरोबर जागी होती, हात नव्हता. सुई कर्रकन घसरली, काका दोन दिवस बोलले नाहीत (तबकडी त्यांच्या लग्नातली). झी-ट्रिपने एकाचा आवाज दुसऱ्याच्या वाद्यांवर अख्खा बसवला, ही करामत त्याची, मान्य. पण ज्याचं माप त्याच्या पदरात घाला की! एवढ्या लांबलचक लेखात फ्लॅशचं नावसुद्धा नसावं?