'द्या काकू, मी करून देतो' हे आधी बंद करू या

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली आणि गावोगावच्या बायकांची दमछाक झाली. पैसे तिच्या खात्यात, पण ओटीपी येणार नवऱ्याच्या फोनवर, नाहीतर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या. त्याने फोन उचलून आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली. नवरा आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायकांची तर फारच परवड झाली.

अशा वेळी सगळे म्हणतात, बायकांना डिजिटल शिक्षण द्या. द्यायलाच हवं, पण ते देणार कोण आणि कसं?

२०१७ मध्ये केंद्राने पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. ६ कोटी ग्रामीण कुटुंबं, घरटी एक माणूस, २० तासांचं प्रशिक्षण. काम मोठं झालं, नाकारत नाही. पण वयाची अट १४ ते ६०. म्हणजे निराधार पेन्शनसाठी बँकेत खेटे घालणारी आजी दारातच अडली.

त्याआधी, २०१५ मध्ये, गूगल आणि टाटा ट्रस्ट्सनी 'इंटरनेट साथी' सुरू केलं होतं. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे शिकवणारी बाई त्याच भागातली असायची. तिला मूर्ख प्रश्न विचारायची बायकांना लाज वाटत नाही. 'हे दाबलं तर पैसे जातील का गं?' हा प्रश्न बाई बाहेरून आलेल्या सरांना विचारत नाही, सीआरपी ताईला, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला विचारते.

म्हणून माझं ठाम मत आहे: नवी केंद्रं नकोत, आहेत त्यांनाच एकत्र आणा. बचत गटाची बैठक ठरलेली असतेच, तिथेच अर्धा तास फोनला द्या. ग्रामवाचनालयाने खोली आणि वायफाय द्यावं. कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांनी मदतीला यावं, बँकेच्या माणसाने अधूनमधून. मात्र मुलांना एक नियम: काकूंच्या हातातला फोन घ्यायचा नाही. राबून खरखरीत झालेलं बोट स्क्रीनवर पटकन उमटत नाही, ती जोर लावून दाबून धरते आणि भलतंच काहीतरी उघडतं. उघडू दे. मागे कसं यायचं तेवढं सांगा, आणि थांबा. टायपिंग जमत नसेल तर माइकचं चिन्ह दाखवा. मराठीत बोललं की मराठीत उमटतं हे पाहिल्यावर बाईची भीती निम्मी होते.

आणि पहिल्याच दिवशी सांगा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

राहिला पैशाचा प्रश्न. हे काम सीआरपी ताईच्या गळ्यात सेवा म्हणून मारू नका. तिला मानधन द्या, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्याची तरतूद करा. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावातही मांडा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.