आजी, बघ बघ... गेलं!

एअर शोचे फोटो कसे काढावेत हे शिकवणारे लोक नेटवर ढिगाने सापडतात आणि त्या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे, एकाच्याही कमरेला नातवंड लोंबकळत नसतं. ते काय सांगतात, तर पाय रोवून उभे रहा, कोपरं अंगाला चिकटवा, श्वास रोखा आणि विमानाबरोबर कमरेतून अलगद वळत रहा. कमरेतून! आता माझ्या कमरेचं एक वेळ सोडा, तिचं वय झालंय, पण तिला एका बाजूने धाकटा धरून उभा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, तर वळायचं कुणी आणि कुणाला विचारून?

बरं कॅमेरा माझा आहे, आणि हे मुद्दाम सांगावं लागतं. लांबचं जवळ आणणारी चारशे एमएमची लेन्स माझ्या गळ्यात, मान माझी अवघडलेली, आणि शेजारचा तरुण वाकून नवऱ्याला विचारतोय, "काका, लेन्स कुठली आहे?" नवरा फोल्डिंगच्या खुर्चीतून गंभीरपणे म्हणाला, "मोठी आहे." एवढं बोलून टोपी डोळ्यांवर ओढली.

जागा धरायची तर ऊन पाठीमागे हवं, हे खरंच आहे, नाहीतर विमानाची नुसती काळी आकृती येते. पण ऊन पाठीमागे म्हणजे ऊन पाठीवर, आणि पोरांना सावली हवी. सावली सापडली ती प्रदर्शनात उभ्या केलेल्या एका अवाढव्य मालवाहू विमानाच्या पंखाखाली, झकास गार, फक्त तिथून आकाश दिसत नव्हतं, पंख दिसत होता. धाकटा म्हणाला हे पण विमानच आहे ना, याचेच काढ, हे हलत पण नाही. मुद्दा बिनतोड होता.

मग शटर स्पीड, म्हणजे फोटो घेताना कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. हा प्रकार मी नवऱ्याला अनेकदा समजावलाय, त्यामुळे कुणाला तरी समजावा असं फार वाटतं म्हणून लिहिते. जेटला सेकंदाचा १/१००० किंवा त्याहून फास्ट ठेवायचं, प्रश्न नाही. पण पंखेवालं विमान आलं आणि तुम्ही १/१००० वरच राहिलात की पंखा जागच्या जागी गोठतो आणि विमान दुकानात दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं, म्हणून तिथे १/२५० किंवा १/१२५ पर्यंत खाली यायचं, म्हणजे पंख्याची छान गोल चकती दिसते. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा आणखी सावकाश फिरतो, तिथे तर १/६० पर्यंत उतरणारे शूर लोक आहेत. आणि स्पीड जितका कमी तितका हात स्थिर पाहिजे. आता मी १/१२५ वर आहे, जुनं पंखेवालं विमान मस्त तिरकं होऊन समोरून चाललंय, मी त्याच्याबरोबर वळतेय, श्वास रोखलाय, आणि बरोब्बर त्या क्षणी कोपराला धक्का, "आजी, याला पायलट आत कुठून चढतो?" तो फोटो आहे माझ्याकडे. त्यात विमान आहे असं मी सांगते म्हणून लोक मानतात. तिकडे नवऱ्याने मोबाइलवर एक काढला तर त्यात पंख्याची पाती वाकडीतिकडी होऊन इंजिनपासून सुटून हवेत तरंगताना दिसत होती, कारण मोबाइल अख्खा फोटो एका दमात घेत नाही, ओळीओळीने वाचत जातो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, विमानच खराब असेल.

पण खरा घोळ आवाजाचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या जेटचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात, आणि ते जेट ताशी ९०० किलोमीटरने चाललं असेल तर तेवढ्यात पाऊण किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. धाकट्याला हे मान्य नाही. त्याच्या मते जिथून आवाज येतो तिथे वस्तू असते, आयुष्यभराचा अनुभव आहे त्याचा, सहा वर्षांचा. तो जिवाच्या आकांताने एका दिशेला बोट दाखवतो, "आजी, तिथे! तिथे!" आणि मी आज्ञाधारकपणे लेन्स तिकडे फिरवते, तिथे स्वच्छ निळं आकाश. आणि स्वच्छ निळं आकाश ही ऑटोफोकसला सगळ्यात नावडती गोष्ट, त्याला धरायला काहीच सापडत नाही, मग लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे घरघरत बसते, आणि तोवर सगळी गर्दी दुसऱ्याच दिशेला बघून "ओहोहो" करत असते. "बघ बघ... गेलं," धाकटा म्हणतो. हे वाक्य त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे मी नुसती मान डोलवायचे.

कानांचं सांगायचं राहिलं. जेटने आफ्टरबर्नर लावला, म्हणजे जास्तीचा जोर यावा म्हणून मागच्या झोतात आणखी इंधन पेटवलं, की छातीत धडधडतं, पोरांच्या कानांना ते बरं नाही, म्हणून दोघांना ते हेडफोनसारखे दिसणारे कानांचे कप आणले होते. चांगली वस्तू आहे, घ्याच, पण ती घातल्यावर मुलाला तुमचं काही ऐकू येत नाही आणि स्वतःचा आवाजही कळत नाही, त्यामुळे ते मूल कायम ओरडत असतं आणि त्याला वाटतं आपण कुजबुजतोय. म्हणजे नऊ विमानांची टीम धूर सोडत येतेय, कॉमेंटेटरने क्षणभर आवाज खाली घेतलाय, आणि आमच्याकडून चारही दिशांना जाहीर घोषणा, "आजी, त्या काकांचं पोट बघ केवढं आहे!" काकांनी बघितलं. मी व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढलाच नाही.

थोरली दहा वर्षांची, तिचा त्रास वेगळा, ती अभ्यास करून आलेली. नऊ विमानं बघून मी सहज म्हटलं नऊच असतात वाटतं सगळीकडे, तर झालंच. आजी, आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरणची नऊ, ब्रिटनच्या रेड ॲरोजची नऊ, पण अमेरिकेच्या ब्लू एंजल्सची सहा आणि इटलीच्या फ्रेच्चे त्रिकोलोरीची दहा, आणि सूर्यकिरणची सुरुवात १९९६ला झाली, तेव्हा त्यांच्याकडे किरण विमानं होती, आता हॉक आहेत, तू बघतेयस ना? मी बघत नव्हते, मी नऊच्या नऊ विमानं चौकटीत बसवायचा प्रयत्न करत होते, जे चारशे एमएमवर होत नाही, सात येतात आणि दोन बाहेर राहतात. झूम मागे घेतला तर नऊ आली, पण आता मुंग्यांएवढी. "आजी, सातच दिसतायत," मागच्या स्क्रीनवर बघून थोरली म्हणाली, "सात यांची नसतात."

आता या टीम्सची एक युक्ती असते जी माहीत असलेली बरी. मोठा ताफा एक करामत करून गेला की त्याला वळून, पुन्हा रांग लावून यायला वेळ लागतो, आकाश रिकामं राहू नये म्हणून मधल्या वेळात सोलो, म्हणजे ताफ्यापासून वेगळी उडणारी विमानं एकमेकांवर चालून येतात. समजा दोघं ताशी ७०० किलोमीटरने येतायत, म्हणजे अंतर ताशी १४०० ने मिटतंय, सेकंदाला जवळपास ३९० मीटर, दोन्ही विमानं एका चौकटीत असतात तो वेळ पापणी लवायच्या हिशोबातला. माणसाने दोन्हीकडे बघायचं नाही, एकच धरायचं, त्याचा पाठलाग करत बटण दाबून ठेवायचं, दुसरं आपोआप येऊन धडकतं, म्हणजे चौकटीत. मी डावीकडचं धरलं. दाबायला सुरुवात करणार तोच कानांचे कप घातलेली कुजबुज आली, "आजी, मला शू आलीये!!" पुढच्या तीन रांगांनी वळून बघितलं.

"आजोबांबरोबर जा रे."

"आजोबा झोपलेत!!"

इतक्या गोंगाटात झोपलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तर लेन्स गळ्यात, धाकटा हातात, थोरलीला पिशवीपाशी बसवून आम्ही पोर्टेबल टॉयलेटच्या रांगेत. आमचा नंबर आला तर दाराची कडी तुटलेली. धाकटा आत गेला आणि म्हणाला, तू बाहेरून दार धरून ठेव, आणि बोलत रहा म्हणजे मला कळेल तू आहेस. तेव्हा चित्र असं, डाव्या हाताने मी प्लॅस्टिकचं दार ओढून धरलंय, ते वाऱ्याने उघडायला बघतंय, उजव्या हातात कॅमेरा, आणि मी दाराला मोठमोठ्याने सांगतेय की हो, आहे मी, हो इथेच आहे. अशा वेळी काय व्हावं? एक सोलो लपून गर्दीच्या भलत्याच बाजूने येतं, खाली, प्रचंड वेगात, याला स्नीक पास म्हणतात, बहुतेक लोक दुसरीकडे बघत असतात आणि दचकून उड्या मारतात. बहुतेक लोक म्हणजे स्टँडमधले. टॉयलेटच्या रांगेला ते समोरून, अगदी नाकासमोरून दिसलं. दमट हवेत विमान करकचून वळलं की पंखांवरचा दाब एकदम उतरतो आणि तिथल्या तिथे पांढरी वाफ धरते, तीसुद्धा दिसली, पंखांवर पांढरीशुभ्र. एका हाताने जेवढी लेन्स उचलता येते तेवढी उचलली. शेपटीचा एक तुकडा आणि टॉयलेटचं छत, उत्तम एक्स्पोजर. आतून आवाज आला, "आजी, काय गेलं? तू बोलायची का थांबलीस?"

परत आलो तर दोन विमानं धुराने बदाम काढत होती. तो धूर म्हणजे जळणारं काही नसतं, गरम एक्झॉस्टमध्ये तेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेर थंड हवेत तिचे बारीक थेंब होऊन पांढरं दिसतं, हे मी धाकट्याला सांगत होते कारण तो "आग लागली" म्हणून रडवेला झालेला. त्याचं लक्ष वळवायला म्हटलं घे, तू दाब बटण. त्याने दाबलं. सोडलंच नाही. कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत फोटो निघत राहतात, त्याने स्वतःच्या बुटांचे इतके फोटो धाडधाड काढले की कॅमेऱ्याची तात्पुरती जागा, म्हणजे बफर, भरला, लाल दिवा लागला आणि कॅमेरा ते सगळे बूट कार्डवर नेऊन ठेवण्यात गढून गेला. वर बदाम पुरा झाला, तिसरं विमान मधून बाण मारून गेलं, वारा सुटला आणि बदाम पसरट होत निघून गेला. लाल दिवा अजून चालूच. थोरली म्हणाली, "आजी, जाऊ दे, नेटवर मिळतो हा फोटो."

परतीच्या गाडीत धाकटा माझ्या मांडीवर झोपला, कानांचे कप तसेच घालून. घरी आल्यावर कार्ड उघडलं, शेकड्यांनी फोटो, निळं आकाश भरपूर, बूट भरपूर. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर सूनबाईंचा मेसेज, "आई, पोरांचे फोटो टाका ना!" पोरांचे. मी सगळे पालथे घातले. शेवटी एक सापडला, एकदम टाचणीसारखा शार्प, कारण ऑटोफोकसने ऐन वेळी विमान सोडून समोर उडी मारलेल्या धाकट्याला पकडलेलं, लाल टोपी, टोपीवरचा सुटलेला धागा, मिटलेला एक डोळा, उघडं तोंड, सगळं दिसतंय, आणि त्याच्या डोक्यावर दिवसातल्या सगळ्यात जवळून गेलेल्या जेटचा धूसर डाग.

पाठवला. लगेच उत्तर आलं.

"किती गोड! पण आई, मागे ते काळं काय आलंय, काढता येईल का?"