‘फी भरली होती, आता काय देणे लागतो?’

आज सकाळी आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कॉलेजच्या माजी विद्यार्थी निधीसाठी दरमहा थोडी रक्कम देण्याचे आवाहन आले आणि त्यावर पहिलेच उत्तर पडले : ‘आपण तेव्हा फी भरली होती, आता काय देणे लागतो?’ पाठोपाठ सहमतीच्या अंगठ्यांची रांग लागली. कालपर्यंत जुन्या छायाचित्रांखाली ‘ते दिवस पुन्हा येणार नाहीत’ असे लिहून गहिवरणारी हीच मंडळी आहेत, म्हणून राग अधिक आला.

फी आपण भरली, हे खरे. पण ज्या ग्रंथालयात परीक्षेच्या आधी रात्री उशिरापर्यंत बसलो, ज्या प्रयोगशाळेत उपकरणे हाताळायला शिकलो, ते सारे आपल्या फीमधून उभे राहिले होते का? आपल्या आधीच्या कोणीतरी ते उभे करून ठेवले होते.

माझ्यापुरते सांगायचे तर दुसऱ्या वर्षी वडिलांचे काम सुटले होते आणि परीक्षा शुल्काची मुदत संपत आली होती. मुदतवाढीचा अर्ज घेऊन मी कार्यालयाच्या खिडकीपाशी गेलो, तेव्हा तिथल्या लेखनिकबाईंनी तो न वाचताच बाजूला ठेवला आणि एक पावती पुढे केली. तिच्यावर जांभळ्या शाईचा, थोडा तिरका शिक्का होता : ‘माजी विद्यार्थी निधीतून’. कोणी दिले म्हणून विचारले, तर त्यांनी नोंदवही माझ्याकडे वळवली. पानभर तीच तीच नावे महिन्यामागून महिना आली होती आणि रकमा अगदी लहान होत्या. त्यांपैकी एकालाही मी ओळखत नव्हतो.

‘एवढ्याशा रकमेने काय होणार?’ असे विचारणाऱ्यांना मी ती नोंदवही दाखवू इच्छितो. शिष्यवृत्ती म्हणजे एखाद्या मुलीला तीन-चार वर्षांसाठी दिलेला शब्द असतो; पुढच्या वर्षी पैसा येईल याची खात्री नसेल, तर कोणतेही कॉलेज तो शब्द देऊ शकत नाही. मोठ्या देणगीतून इमारत उभी राहते, दारावर नाव लागते. पण प्रयोगशाळेतील रसायने, नियतकालिकांची वर्गणी, विजेचे बिल यांवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांसाठी सहसा कोणी पुढे येत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० मध्येच वार्षिक निधी सुरू केला, तो दरवर्षी ज्याला जमेल तेवढे देता यावे म्हणून. अमेरिकी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये आपल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी १८० कोटी डॉलर दिले, त्याची जगभर बातमी झाली. पण पदवीनंतर वर्षभरातच त्यांनी तिथे दिलेली पहिली देणगी पाच डॉलरची होती, कारण तेव्हा तेवढेच परवडत होते. श्रीमंत झाल्यावर बघू, असे म्हणून ते थांबले नाहीत.

काही संस्था पावतीपलीकडे काही कळवत नाहीत, हे मान्य. मग हिशेब मागावा. हात आखडता घेण्याला तो आधार होत नाही. ज्यांच्या डोक्यावर अजून शैक्षणिक कर्ज आहे किंवा घरात आजारपण आहे, त्यांना मी एक शब्दही बोलणार नाही, आणि सकाळी उत्तर देणाऱ्या मित्राची तशी काही अडचण असेल, तर माझे बोलणे त्याच्यासाठी नाही. पण अंगठे दाखवणाऱ्या बाकीच्यांचे काय? दर महिन्याला न पाहिलेल्या वाहिन्यांची वर्गणी मुकाट्याने भरणाऱ्यांना याच ठिकाणी हिशेब आठवावा, याचे मला खरोखर वाईट वाटते. आजही त्या खिडकीपाशी अर्ज घेऊन कोणीतरी उभे असेल आणि नोंदवहीच्या पानावर आपल्या बॅचमधले फारच थोडे जण असतील.

निधीच्या कोषाध्यक्षांकडे मी गेल्या वर्षीच्या खर्चाचे पत्रक मागितले आहे. मिळाले की ग्रुपवर टाकतो. ते वाचून ज्यांची खात्री पटेल त्यांनी बँकेत दरमहाचे ऑटो-डेबिट लावावे, रक्कम कितीही लहान असू द्या. ज्यांची पटणार नाही त्यांनी नेमकी कोणती नोंद खटकली ते सांगावे, मी कोषाध्यक्षांना विचारीन.